कपाटाच्या फळ्या मी केल्या

अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

साताऱ्यात घर बांधलं तेव्हा बेडरूमच्या भिंतीत कपाटाची जागा सोडली, पण आत फळ्या नाहीत. नुसता माणूस उभा राहील एवढा कोनाडा. आमचे हे फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. रोज म्हणायचे, ‘सुतार येतोय.’ दिवाळी आली, पाव्हणे आले, सुतार काही आला नाही आणि माझ्या साड्या खुर्चीवरच. यांच्या नोकरीभर बदलीच्या पेट्यांतनं संसार काढला. आता स्वतःच्या घरातही गाठोडी बांधून बसायचं? म्हटलं, खड्ड्यात गेला तो सुतार.

गच्चीवर त्याच लाकडी पेट्या पडून होत्या. त्या उकलल्या, खिळे उपटले, फळ्या घासून काढल्या. गवंड्यानं भिंत अशी घातलेली की कपाट पुढं रुंद, मागं अरुंद, आणि तेही वर एक, खाली एक. मी ब्लाऊज बेतते. तसाच प्रत्येक फळीचा वेगळा पुठ्ठा बेतला आणि त्याप्रमाणं करवतीनं फळी कापली. शेजारनं ड्रिल आणलं, भिंतीला आधाराच्या पट्ट्या स्क्रूनं आवळल्या, वर फळ्या बसवल्या. तळहाताला फोड आले. हे बाहेर पेपर वाचत होते. एकदा आत डोकावले, “जमंल का गं तुला?” म्हणाले आणि परत पेपरात.

फळ्यांच्या खालच्या अंगाला पेटीवरचं पांढऱ्या रंगातलं यांचं नाव आणि हुद्दा तसाच राहिला होता. घासून टाकता आला असता. मीच ठेवला, बरा दिसतो म्हणून. तेच मला नडलं.

पुढं पलूसची नणंद आली. कपाट उघडलं, वरच्या फळीखालचं नाव वाचलं आणि थेट भावाकडं वळली. “दादा, लय झाक केलंयस की. आमच्याकडंबी करून दे.”

आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी बघत राहिले. हे मिशीतल्या मिशीत हसले. “येतो की. त्यात काय हाय.”

त्यात काय हाय! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. हातात चहाचा ट्रे होता. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे आमच्या हाडात मुरलेलं. खोटं बोलणाऱ्याला मात्र कसली आडकाठी नाही. मी चहा दिला आणि आत गेले.

हे पलूसला जायच्या दिवशी करवत, शेजारचं ड्रिल, स्क्रू, सगळं मीच पिशवीत भरून दिलं. मी पुठ्ठ्याचं बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. विचारतील कसे, बघितलंच कुठं होतं?

दुपारी पलूसहून फोन आला. यांचा आवाज अगदी बारीक.

“आगं, फळी आत शिरंना.”

“कापल्यात कशा?”

“पुढनं माप घेतलं. सगळ्या एकसारख्या कापल्या.”

कापणारच. कपाट तिथलंही मागं अरुंदच असणार. फौजेत जन्म गेला, सगळं एका मापाचं.

“मग आपल्याकडच्या ज्यानं केल्या त्याला विचारा,” मी म्हटलं.

“तूच केल्यास न्हवं? सांग की,” हे कुजबुजले.

“ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोला.”

ज्या माणसाची हाक परेडच्या मैदानाच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत जायची, तो बहिणीच्या घरात तोंडावर हात धरून बोलत होता. मागं नणंदेची भांडी वाजत होती. मला दया आली नाही, खरं सांगते.

“ठेवू का फोन?”

हे खाकरले.

“आपलं कपाट तू केलंयस,” हे म्हणाले, चांगलं मोठ्यानं. “म्या हातबी लावला न्हाई.”

तिकडं भांडी वाजायची थांबली.

“आता फोन वन्संकडं द्या,” मी म्हटलं. “माप कसं घ्यायचं ते त्यांनाच सांगते.”