अनुमोदक नसलेला शोकप्रस्ताव

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता आठवायला डोकं खाजवावं लागतं. एक प्रकरण मात्र मनातून हलत नाही, आणि त्यात रक्ताचा थेंब नव्हता की कुणाची सुईही चोरीला गेली नव्हती.

तेव्हा मी बीड शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. पत्नी जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मुलगा पुण्यात नोकरीला. घरी लवकर जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ठाण्यातच जास्त बसायचो. हाताखालची माणसं मनातल्या मनात मला शिव्या घालत असणार. साहेब उठल्याशिवाय त्यांनाही उठता येत नसे.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपली आणि एक प्राध्यापक लेखी अर्ज घेऊन आले. अर्जाचा मथळा जाड अक्षरात होता: विज्ञानाच्या नावाखाली फसवणूक. शहरात एक नोंदणीकृत विज्ञान मंडळ होतं. जिल्ह्यातली गवतं, किडे, पक्षी यांचा अभ्यास करायचा आणि तो आपल्या त्रैमासिकात छापायचा, एवढंच त्याचं काम. प्राध्यापकांनी डोंगरातल्या एका गवतावर लेख पाठवला होता. बढतीसाठी त्यांना छापून आलेला लेख हवा होता. मंडळाने तो परत पाठवला.

"परत पाठवला हा गुन्हा कसा?" मी विचारलं.

"साहेब, लेख छापायच्या आधी दुसरा जाणकार तो वाचतो, चुका काढतो. माझा ज्यानं वाचला तो माणूस कुणी बघितलेलाच नाही. फोन नाही, भेट नाही. नुसता अभिप्राय येतो, तोही असा!"

त्यांनी कागद पुढे केला. टाइप केलेला मजकूर, खाली एका जनावरांच्या डॉक्टरांचं नाव आणि गाव धर्मापुरी. लिहिलं होतं: 'फोटोत गवताच्या मुळाशी काळी माती दिसते. लेखकाने सांगितलेल्या डोंगरावर नुसता मुरूम आहे. लेखक डोंगर चढलेले दिसत नाहीत. आधी चढावे, मग लिहावे.'

मला हसू आलं, ते मी मिशीत दाबलं. अर्ज चौकशीवर घेतला.

माझे हवालदार शहरातल्याच एका फळविक्रेत्याच्या घरातले, स्वभावाने एकदम रोखठोक. कागदावरचं नाव वाचून ते थबकले.

"साहेब, हे डॉक्टर तर वारले की! मी तिकडं धर्मापुरी बीटला ड्युटीला होतो तवाच. आमच्या बीटातल्या सगळ्या म्हशी त्यांनीच वाचवल्या. लई तापट माणूस. मेलेला माणूस कागद कसा काय धाडतो?"

आता हसण्यासारखं काही उरलं नाही. मयत माणसाच्या नावाने कागद तयार होत असतील तर ते बनावट दस्तऐवजाचं प्रकरण होतं. मी जीप काढायला सांगितली.

धर्मापुरीत डॉक्टरांचं घर जुन्या देवळाच्या अलीकडच्या आळीत होतं. त्यांच्या पत्नी एकट्याच राहत होत्या. पोलीस दिसल्यावर माणसं आधी दार अर्धं लोटतात, असा माझा अनुभव. या बाईंनी दार सताड उघडलं आणि खाट झटकली. घरी कुणी आलं याचाच त्यांना आनंद झाला असावा.

"मावशी, डॉक्टरसाहेबांबद्दल विचारायचं होतं."

"त्यान्ला जाऊन लई वर्सं झाली की बाबा. आता कावून इचारता?"

"बीडच्या विज्ञान मंडळाचे सचिव आहेत ना, त्या सरांना हे ठाऊक नाही का?"

"मास्तरला?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मास्तरनंच पयला खांदा दिलता. दोघं जल्माचे दोस्त. डोंगरात जायाचे काय, गवत आणायाचे काय, अन् इथं वसरीवर बसून भांडायाचे काय! ह्यो म्हणायचा आसं हाय, त्यो म्हणायचा न्हाई. च्या थंड व्हायचा पर भांडण थंड व्हायचं न्हाई."

उठून त्यांनी फळीवरचे अंक दाखवले. मंडळाचा प्रत्येक अंक अजूनही डॉक्टरांच्या नावाने येत होता. अगदी ताजा अंकही त्यात होता.

"मी वाचत न्हाई. पर पोस्टमन त्यांचं नाव घिऊन हाक मारतो, बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

मी बाईंचा जबाब लिहून घेतला. सगळं सरळ दिसत होतं. मंडळाचे सचिव म्हणजेच हे मास्तर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. मित्र मेला हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि तरी ते त्याच्या नावाने अभिप्राय लिहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात बोलावलं.

माझी चौकशीची एक पद्धत होती. माणसाला बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण फायली चाळत गप्प राहायचं. ज्याच्या पोटात काही आहे तो शांतता सहन करू शकत नाही, स्वतःच बोलायला लागतो. सरांवर ही पद्धत साफ फसली. इस्त्रीचा सदरा घातलेला तो किडकिडीत म्हातारा शांत बसून राहिला. गप्प बसण्याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त सवय होती. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं.

"हे अभिप्राय कोण लिहितं?"

"डॉक्टरांचे आहेत."

"सर, मी काल धर्मापुरीला जाऊन आलो."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी बऱ्या आहेत का?"

"बऱ्या आहेत. डॉक्टर वारलेत आणि तुम्ही खांदा दिलात, हेही त्यांनी सांगितलं."

"साहेब, लेखावर विरोध करायचा तर नाव लावून करायचा, आडून नाही, हा नियम डॉक्टरांनीच केला. दुसऱ्याने तपासल्याशिवाय काही छापायचं नाही, हाही त्यांचाच. मी लेख वाचला की ते काय म्हणतील ते मला ऐकू येतं. ते आधी माती बघायचे, मग गवत. ते असते तर हेच म्हणाले असते."

"असते तर. म्हणजे नाहीत."

"कागदोपत्री ते अजून संपादक मंडळावर आहेत," सर म्हणाले. "सभेने त्यांना कमी केलेलं नाही. ठराव झाल्याशिवाय मला तसं करता येत नाही."

माझा पारा चढला. मेलेला माणूस ठराव नाही म्हणून जिवंत, असला कायदा मी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. मी आवाज चढवून सांगितलं, गुन्हा दाखल झाला तर मंडळाची नोंदणी जाईल, त्रैमासिक बंद पडेल आणि या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. कोर्टाला ते भ्यायले नाहीत. त्रैमासिक म्हटल्यावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकले.

"पुढचा अंक प्रेसला द्यायचा आहे हो. रविवारी वार्षिक सभा आहे. तेवढी होऊ द्या. डॉक्टरांचा विषय सभेपुढे ठेवलेला आहे."

मी त्यांना जाऊ दिलं. रविवारी मात्र साध्या कपड्यांत स्वतः गेलो. एक तर मंडळाचे बाकीचे सभासद कोण आहेत ते बघायचं होतं. दुसरं म्हणजे रविवार घरात काढणं मला जड जायचं.

सभा एका शाळेच्या वर्गात होती. मी व्हरांड्यात खिडकीच्या बाजूला उभा राहिलो. सरांनी एकट्याने बाकं पुसली, फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'वार्षिक सर्वसाधारण सभा' असं लिहिलं, टेबलावर थर्मास आणि कप मांडले. अकरा वाजले. कुणी आलं नाही. सर उभे राहिले आणि रिकाम्या वर्गाला मोठ्याने म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

आणि खाली बसले. अर्धा तास तो माणूस हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत होता. नियमच असा असतो की तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की गणपूर्ती लागत नाही. वेळ होताच ते उठले, गेल्या सभेचं इतिवृत्त वाचलं, वर्षाचा अहवाल वाचला. स्पष्ट आवाज, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी इतके पंचनामे केले, इतकी घरं पाहिली, पण त्या वर्गात जेवढं ओकंबोकं वाटलं तेवढं कुठेच वाटलं नव्हतं.

"विषय चौथा. शोकप्रस्ताव." सरांनी चष्मा पुसला. "मंडळाचे संस्थापक सदस्य आणि आमचे मित्र डॉक्टरसाहेब यांच्या निधनाने मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. सूचक, मी. अनुमोदक?"

त्यांनी एकेका बाकाकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, जणू तिथे माणसं बसली होती.

"अनुमोदक नसल्यामुळे विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येत आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मघाच्या इतिवृत्तातही चौथा विषय असाच पुढे ढकललेला होता; म्हणजे दर वर्षी हेच होत होतं. अहवालात होतं तसं, जुने सभासद पुण्या-मुंबईला पांगले होते, काही वारले होते, पत्रांना कुणी उत्तर देत नव्हतं. एकट्याने मांडलेला ठराव मंजूर होत नाही. आणि ठराव मंजूर होत नव्हता तोवर डॉक्टर मरत नव्हते. नियमाला धरून चालणाऱ्या माणसाने नियमातच लपायला जागा शोधली होती. त्यात फायदा कुणाचाच नव्हता. भांडायला एक माणूस शिल्लक राहत होता, एवढंच.

मी आत गेलो. सर दचकले, मग म्हणाले, "तुम्ही सभासद नाही. तुम्हाला अनुमोदन देता येणार नाही."

"मी देतही नाही. त्रैमासिकात लिहिणाऱ्याला सभासद व्हावं लागतं ना? मग तो प्राध्यापक सभासद आहे."

"आहे," सर नाइलाजाने म्हणाले. "पण सभा संपत आली आहे."

"संपली नाही ना? पुन्हा तहकूब करा."

फोन केल्यावर प्राध्यापक मोटारसायकलवरून आले ते फुरंगटूनच. मी त्यांना व्हरांड्यात घेतलं, धर्मापुरीचं सगळं सांगितलं, खिडकीतून काय पाहिलं तेही सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कॉलेजातली भाषा गळाली आणि त्यांच्या गावची, चकलांब्याची, वर आली.

"साहेब, त्यो फोटू आमच्या बांधावरचा व्हता. डोंगरावर मी गेलतोच न्हाई. अभिप्रायात म्हणलं ते खरं व्हतं, म्हणून तर जास्त राग आला. अन् मेलेल्या माणसाला मी लई शिव्या घातल्या हो."

आम्ही आत गेलो. सरांनी ठराव पुन्हा वाचला. या वेळी आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही. "अनुमोदक?" असं विचारून ते प्राध्यापकांकडे बघत राहिले. त्या नजरेत चक्क विनवणी होती. कशाची, ते मी तेव्हाही ओळखलं होतं. प्राध्यापकांनी गप्प राहावं, अशीच.

"अनुमोदन," प्राध्यापक म्हणाले.

"ठराव मंजूर. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..." सरांनी इतिवृत्ताची वही मिटली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सभासद नाही. पण उभं राहायला हरकत नाही."

आम्ही तिघं उभे राहिलो. नंतर सर खुर्चीत बसले आणि कितीतरी वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं ते तेव्हा रडले. प्राध्यापकांनी थर्मासमधला चहा ओतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अर्जदाराने अर्ज मागे घेतला. चौकशीअंती गुन्ह्याचा हेतू दिसून येत नाही, असा शेरा मारून मी प्रकरण दप्तरी दाखल केलं. तसं करणं योग्यच होतं. आजही मी तेच करीन.

पुढचा अंक मला पोस्टाने आला. पहिल्या पानावर डॉक्टरांचं निधनवृत्त होतं, अगदी आटोपशीर. त्यानंतर अंक आला नाही. निवृत्तीनंतर एकदा बसस्थानकावर सर भेटले, तेव्हा मी विचारलं.

"लेख लिहून ठेवलाय," ते म्हणाले. "पण माझा लेख मीच कसा तपासू?"

"प्राध्यापकांना द्या की."

"दिला होता. चांगला माणूस आहे. पण ते सगळ्यालाच छान म्हणतात हो."

एवढं बोलून ते धर्मापुरीकडच्या बसमध्ये चढले. वहिनींना भेटायला महिन्यातून एकदा जातात, म्हणाले.

घरात कुणी नसलं की माणूस एकटा होतो, असं मला वाटायचं. त्या प्रकरणाने मला वेगळंच शिकवलं. आपल्याला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणणारं माणूस गेलं की खरा एकटेपणा सुरू होतो. मला ठाण्यात सगळे सॅल्यूट ठोकायचे. 'नाही' म्हणणारी एकच होती, आणि ती स्वयंपाकघरात असायची. भाजीत मीठ जास्त झालं तर आता मी ते कुणाला सांगू? करणारा मीच आणि खाणाराही मीच.

आमचं गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करून घ्यायला एजन्सीत एक चक्कर मारावी लागेल, आणि एजन्सी घरापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे. मुलगा फोनवर आठवण करून देतो. मी म्हणतो, जाईन एखाद्या दिवशी.

सिलिंडरवाला फाटकाशी येतो आणि तिचं नाव घेऊन हाक मारतो. मी आतून म्हणतो, "हो, आहेत."