कासमभाईंच्या गोधडीतली वीतभर जागा

बातमी सांगायला म्हणून कोणी आलंच नव्हतं. गावचे दगडू पाटील कोर्टाच्या तारखेला नगरला आले होते, आणि तारीख पुढं गेली म्हणून वेळ काढायला माझ्या खोलीवर आले. चहा झाला, मोटारीतल्या गर्दीला शिव्या देऊन झाल्या, आणि निघताना पायात वहाणा सरकवत ते म्हणाले, "अन् गुरुजी, तुमचा कासम शिंपी गेला की. झालं पंधरा दिस. तुमाला कोनी कळवलं न्हाई व्हय?" मी नाही म्हणालो. आणि तोंडातून निघून गेलं, "आणि ती गोधडी?" पाटील बघतच राहिले. "मानूस गेला म्हनतो मी, अन् तुमी गोधडी काय इचारताय?" त्यांचं बरोबर होतं. तेच आधी तोंडी का आलं, हे मला नीट सांगता येत नाही... या गोष्टीला आता महिना होऊन गेला. लिहीत गेलो तर उलगडेल असं वाटतं, पण त्याचीही खात्री नाही.

सोनईच्या बाजारापासून कोसभर आत आमचं गाव. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं मास्तर होतो, आणि शाळेसमोरच कासमभाईंचं दुकान. दुकान म्हणजे घराचा ओटा, त्यावर पायमशीन, आणि मशीनमागं भिंतीला टेकवलेलं एक बोचकं. त्यात त्यांची गोधडी. सदरा असो, चोळी असो, झबलं असो, शिवून झालं की कातरणातला एक तुकडा ते बाजूला ठेवत आणि सवड मिळाली की गोधडीवर लावत. खाली जुन्या लुगड्यांचे थर, वर हे तुकडे. कडेपासून सुरुवात केलेली, आणि चौकोनात चौकोन असे हाताने टाके घालत मध्याकडं सरकायचं. मी गावात आलो तेव्हाच तिला दहा वर्षं झाली होती. त्यांची बायको जैनबभाबी दारातून टोमणा मारायची, "बाप्यानं गोधडी शिवायची अन् बायकूनं पानी शेंदायचं. लोकांच्या पोरी नांदून लेकुरवाळ्या झाल्या, ह्येंची गोधडी काय हुईना." कासमभाई दातात दोरा धरूनच उत्तर देत, "गावात नवं कापड येतंय तवर कशी पुरी हुईल? पुरी झाली म्हंजी समज, गाव उघडं पडलं."

त्यांना अक्षर येत नव्हतं. मापं सगळी डोक्यात. पण गोधडी ते वाचून दाखवल्यासारखी दाखवत. ही पाटलिणीच्या पहिल्या डोहाळजेवणाची चोळी. हे पैलवानाच्या लंगोटाचं, त्या साली त्यानं सोनईच्या जत्रेत कुस्ती मारली. हे तुमच्या कोटाचं, गुरुजी, "आलात तवा खांद्यात ढिला हुता, आता पोटात आवळतो." पटकीच्या साथीत ज्या बाईचं लेकरू गेलं, ती एकदा ओट्यावर आली, त्या लेकराच्या झबल्याच्या तुकड्यावर हात ठेवून बसली आणि उठून गेली. कासमभाईंनी मशीन थांबवून धरलं होतं. ती गेल्यावर पुन्हा पाय मारला.

मग लढाईचे दिवस आले, आणि कापडावर कंट्रोल. वाटपासाठी गावात कमिटी झाली, तिच्यात लिहिता येणारा म्हणून मी. कासमभाईंच्या ओट्यावर नवं कापड यायचं थांबलं. उलटलेल्या कॉलरी, ठिगळावर ठिगळ, एवढंच काम. गोधडी मधोमध येऊन अडकली. तिच्यावर लावायला एकच नवा तुकडा त्या वर्षी त्यांच्याकडं आला असेल, आणि तो माझ्या घरातून. फुलाफुलांचं चीट आलं होतं, त्यातलं वाट्याबाहेरचं एक वार मी बायकोच्या चोळीसाठी घेतलं. कोणाला कळलं नाही. कळलं ते शिवणाऱ्याला. चोळी देताना त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "वैनीला म्हनावं, बाजारच्या दिशी नको घालू."

त्यानंतर दीडदोन महिन्यांनी, आमच्या गावात कापड दडवलंय अशी कोणीतरी तक्रार केली. तालुक्याहून एक साहेब आले. सारा गाव धुंडाळून त्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि उन्हानं ते वैतागले होते. शेवटी कासमभाईंच्या ओट्यावर ते बोचकं आणि कातरणाची दोन गाठोडी दिसली. मी साहेबांना सांगितलं, ही गोधडी आहे. साहेब म्हणाले, "मास्तर, रिकाम्या हातानं गेलो तर मला कमिटीचं वाटप तपासावं लागेल. कुणाला किती गेलं, घराघरातून." माझ्या डोळ्यांपुढं ते चीट आलं. साहेब सांगत गेले आणि मी पंचनामा लिहीत गेलो. कापडाची तीन गाठोडी, दडवून ठेवलेली, असं लिहिलं. गोधडी हा शब्द त्यात कुठंच नव्हता.

कासमभाई अंगठा उठवायला पुढं आले. शाई लावलेला अंगठा तसाच वर धरून त्यांनी विचारलं, "गुरुजी, काय लिवलंय?"

मी म्हणालो, "काही नाही. गोधडी अन् कातरण, असंच लिहिलंय."

"मग झालं," म्हणाले, आणि अंगठा उठवला.

एवढंच. मी ते वाक्य हजारदा आठवलं आहे. ते न बोलता गप्प राहिलो असतो तरी अपराध थोडा कमी झाला असता, असं वाटतं. पुन्हा वाटतं, कमी कसा झाला असता?

गाठोडी तालुक्याला गेली. कासमभाईंचा दोऱ्याचा कोटा बंद झाला. आठ महिने मशीन झाकून ते लोकांच्या उसाला पाणी द्यायला गेले, साठीच्या वयात. मी रोज समोरच्या शाळेत जात होतो. आठ महिन्यांनी गाठोडी परत आली ती ओल धरून, कुबट वास मारत. कातरण उकिरड्यावर गेलं. गोधडी भाबीनं तीनदा धुतली. कासमभाई मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. पूर्वीसारखेच "या गुरुजी" म्हणत. मला मात्र ते "या" पूर्वीसारखं आहे की नाही, हे ओळखता येईना.

पुढं संध्याकाळी शाळेत मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. पहिल्याच दिवशी कासमभाई शेवटच्या बाकावर. "कासमभाई, या वयात कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "अंगठा झिजला, गुरुजी." सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी पाटी पुढं केली. "आधी गोधडी कसं लिवायचं, त्ये दावा."

मी पाटीवर लिहून दिलं. आता सांगावं, असं त्या क्षणी मनात आलं होतं. वर्ग सुटल्यावर सांगू, असं ठरवलंही. ते पाटी छातीशी धरून, अक्षर पुसू नये म्हणून सदऱ्याला लागू न देता घरी गेले, आणि मी दिवा मालवून माझ्या घरी गेलो. पंचनाम्याची एक नक्कल त्यांच्याकडं होती. त्यांनी पाटी आणि कागद शेजारी ठेवून ताडून पाहिलं असेल का? पण पंचनामा मोडी लिपीत, आणि मी शिकवलं ते बाळबोध. शब्द तिथं असता तरी त्यांना सापडला नसता. मग न सापडल्याचा अर्थ त्यांनी काय लावला असेल? की त्यांना फक्त आपल्या आवडीच्या वस्तूचं नाव लिहायचं होतं, आणि हे सगळं माझ्याच मनाचं? पुढच्या वर्षी माझी बदली नगरला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मोटारीची वेळ झाली होती... म्हणजे वेळ होईपर्यंत मीच थांबलो होतो.

पाटील सांगून गेल्यावर मी चाळिसाव्याला गावी गेलो. लोक जेवून पांगल्यावर जैनबभाबीपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. चिटाचं, साहेबाचं, अंगठ्याचं. भाबी तांदळाचं पातेलं घासत होती. घासणं थांबलं नाही.

"त्यांना ठाऊक होतं का, भाबी?"

"मला काय ठावं? तुमी काय लिवलं त्ये तुमाला ठावं. आमाला येवढंच ठावं, का त्ये लिवून झालं अन् मशीन बंद पडलं."

"कधी काही बोलले नाहीत?"

"बोलनारं मानूस व्हतं का त्ये? अन् गुरुजी, ह्ये त्ये जित्ते असताना इचारायचं. आता मला इचारून मी काय सांगू?" मग हात धुऊन ती आत गेली आणि बोचकं घेऊन आली. "ही तुमच्याकडं द्या म्हनले. का म्हनून, त्ये न्हाई सांगितलं. मी इचारलं तर भितीकडं त्वांड केलं."

गोधडी आता माझ्या नगरच्या खोलीत, खुर्चीच्या पाठीवर आहे. बायकोनं पहिल्याच दिवशी चीट ओळखलं. मधल्या चौकोनाच्या अगदी कडेला आहे. साहेब ओट्यावर आले तेव्हा तो तुकडा बोचक्यातच होता; हे गुरुजींच्या घरचं, असं कासमभाई बोट ठेवून सांगू शकले असते, तसे ते प्रत्येक तुकड्याचं सांगतच. त्यांनी सांगितलं नाही. बायको बराच वेळ त्यावर हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "मी कधी घातलीच नाही ती चोळी फारशी." चिटाच्या आत वीतभर जागा कोरी आहे, नुसतं जुनं लुगडं. तिथं लाल दोऱ्याचे काही टाके आहेत, वेडेवाकडे, आणि दोऱ्यासकट सुई टोचून ठेवलेली. मला त्या टाक्यांत 'गो' दिसतो. त्यापुढं 'ध'ची सुरुवात. बायकोला काही दिसत नाही. ती म्हणते, "म्हातारपणी डोळे गेलेल्या माणसाचे टाके आहेत ते, दुसरं काही नाही." उजेडात पाहिलं की मला तिचं खरं वाटतं. दिवेलागणीला पुन्हा 'गो' दिसतो.

तो पंचनामा अजून कुठल्यातरी कपाटात असेल. म्हणून इथं लिहून ठेवतो. ती कापडाची गाठोडी नव्हती. गोधडी होती.

बायको म्हणते, दे, दोन दिवसांत पुरी करते. मीही एकदा चष्मा लावून सुई हातात घेतली होती. अक्षर असेल तर पुढचं मी घालावं, असं वाटलं. पण मग ज्याला विचारता येत नाही त्याच्या नावानं पुन्हा मीच लिहिल्यासारखं होईल. आणि अक्षर नसेल तर? मी सुई होती त्याच भोकात परत टोचली. तिथं घडी पडली तर सुई हाताला लागते. म्हणून आम्ही गोधडी मधोमध दुमडत नाही. घडी आडवीतिडवी होते, खुर्चीवर नीट राहत नाही. सकाळी घसरून खाली पडलेली असते, मी उचलून पुन्हा ठेवतो.