कोठ्यातली शाळा

रूपाली शाळेच्या व्हॅनमधून उतरली तेव्हा तिच्या गळ्यात पुठ्ठा होता. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, दोन भोकं पाडून त्यात सुतळी ओवलेली, आणि वर जाड स्केचपेननं लिहिलेलं: 'मैं पढ़ नहीं सकती.' आईची सही झाल्याशिवाय काढायचा नाही, असं मॅडमनं बजावलं होतं. खैरलांजीतल्या शाळेपासून गावापर्यंत व्हॅनमधल्या चौदा पोरांनी तो मोठ्यानं वाचला होता.

दीपिकानं सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती शाळेत गेली आणि पुठ्ठा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, फोन संपवला आणि म्हणाले, "मॅडम, बच्ची कमजोर है. चौथी में आ गई, अभी तक ब और व में फर्क नहीं समझती. ऐसे बच्चों का स्कूल अलग होता है."

"टीसी द्या."

"सोच लो. साल के बीच में कोई लेगा नहीं."

"सोचूनच आली."

खरं तर तिनं काहीच सोचलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता घरी जायचंय, आणि घरी सासरा आहे.

दीपिका तुमसरकडची, मराठी शाळेत शिकून बीए झालेली. राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली होती. सासू लवकर गेली. नवरा राजेंद्र लालबर्रा इथल्या एका राइस मिलमध्ये कामाला, तिकडेच राहायचा, रविवारी यायचा. घरात ती, रूपाली आणि सासरा पुनाराम. पुनाराम सत्तरीचा, स्वतः दुसरीपर्यंत शिकलेला. नातीला टाय-बेल्ट लावून इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवताना त्याची छाती फुगायची. व्हॅन गेली तरी तो तिठ्यावर थांबायचा, कुणीतरी विचारावं म्हणून.

टीसीची बातमी त्याला घरात कळली नाही. चहाच्या टपरीवर कळली. तो तसाच घरी आला आणि अंगणातूनच ओरडला.

"काहून काढली पोरीले शाळेतून?"

"तिच्या गळ्यात पुठ्ठा बांधला होता, मामाजी."

"मंग? मास्तरानं आमाले उलटं टांगलं होतं. मेलो का आमी? माह्या खानदानीत पहिली पोरगी इंग्रजी शाळेत गेलती. अन् तू तिले घरी आणून बसवली, शेण काढाले!"

"मी शिकवीन तिले. घरीच."

"तू?" पुनाराम हसला. ते हसू शेजारच्या दोन अंगणांपर्यंत गेलं. "तू का मास्तरीन हायेस?"

रविवारी राजेंद्र आला. त्यानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं, जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "तू पाहून घे." बापाविरुद्ध एक शब्द नाही, बायकोच्या बाजूनं अर्धा नाही. दीपिकानं मग त्याला विचारणंच सोडलं.

घरात तीन खोल्या. एकीत सासऱ्याची खाट, एकीत धानाच्या कोठ्या, तिसरीत चूल आणि संसार. उरला गुरांचा कोठा. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागल्यावर बैल विकले होते, तेव्हापासून तो रिकामाच पडलेला. दीपिकानं तिथंच हात घातला. जमिनीवर शेणाचा वीतभर थर बसला होता, तो कुदळीनं उकरून काढायला चार दिवस लागले. गव्हाण तिनं फोडली नाही, वर फळ्या टाकल्या, पुस्तकांची मांडणी झाली. भिंती पांढऱ्या छुईमातीनं पोतारल्या. जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि कोळसा वाटून दाराच्या आतल्या बाजूला फासला, फळा झाला. मिठाईच्या एका दुकानाचं उद्घाटनाचं फ्लेक्स कुणीतरी फेकून दिलं होतं, ते उलटं करून भिंतीला ठोकलं. पांढऱ्या बाजूवर तिनं स्वतः जिल्ह्याचा नकाशा काढला: वैनगंगा, कटंगी, लालबर्रा, आपलं गाव. मिलमधून आलेल्या बारदान्याच्या दोन चटया शिवल्या. छपराची चार कवेलं काढून मोडक्या खिडकीची काच बसवली तेव्हा कोठ्यात पहिल्यांदा उजेड पडला.

सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार उघडायला गेली तर आत युरियाच्या अकरा गोण्या रचलेल्या. चटयांवर, गव्हाणीवर, नकाशाला टेकून.

"माह्या बापानं बांधला हा कोठा," पुनाराम बाहेर दात घासत उभा होता. "खत ठेवाले जागा नाही मले."

दीपिकानं पदर खोचला आणि एकेक गोणी ओढत अंगणात आणली. तो पाहत राहिला. सहाव्या गोणीला तिची कंबर धरली, तेव्हा तो म्हणाला, "पाणी आलं त सारं खत तुह्या बापाकडून वसूल करीन." तिनं उरलेल्या पाचही काढल्या. संध्याकाळी आभाळ भरून आलं. तेव्हा ताडपत्रीही तिनंच टाकली, आणि ती टाकताना तोंडातून निघालेल्या शिव्या रूपालीनं ऐकल्या.

गाव सासऱ्याच्या बाजूनं होतं. बोअरिंगवर पाणी भरताना बायका गप्प व्हायच्या, नाहीतर मुद्दाम बोलायच्या. "कोठ्यात पोरगी बांधली म्हन्तेत." दीपिका हंडा उचलून चालू लागायची. त्या वर्षात ती कडवट झाली. ज्यांच्याशी हसून बोलायची त्यांच्याशीही तिनं बोलणं टाकलं.

आणि तो कडूपणा कोठ्यातही शिरला. सकाळी स्वयंपाक आटोपून दोघी बसायच्या. ताटात भाताचा बारीक कोंडा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं, हे ती मोबाइलवर पाहून शिकली होती. रूपाली आकड्यांमध्ये हुशार होती, धानाचं माप तोंडी सांगायची. पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलायची. काल आलेला शब्द आज यायचा नाही. एका सकाळी 'बदक' हा शब्द तिनं सातव्यांदा 'दबक' वाचला. दीपिकानं ताट हिसकावून भिंतीवर फेकलं.

"किती वेळा सांगू तुले? लोकं तोंडात शेण घालून राह्यले माह्या, तुह्यापायी!"

रूपाली रडली नाही. ती उठली, कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात तिनं कानांना लावले. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत असंच करायचं असतं, हे तिला पाठ होतं.

दीपिका तिच्या पाठीकडे पाहत राहिली. केसांत, खांद्यांवर कोंडा उडालेला. मॅडमचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, पण तो कसा दिसत असेल ते तिला त्या क्षणी कळलं. तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं नाही. तेवढं तोंड तिला उरलं नव्हतं. ती खाली बसून सांडलेला कोंडा गोळा करू लागली. ताट पुन्हा भरल्यावर म्हणाली, "ये. आज वाचू नको. आज मी चुकीचं वाचते, तू मले पकड."

त्या दिवसापासून कोठ्यात कुणी उभं राहायचं नाही, असं तिनं ठरवलं. आवाज चढला की तिनं स्वतः बाहेर जायचं. ती खूप वेळा बाहेर गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोटारसायकलवरून जनशिक्षक आले, म्हणजे आसपासच्या सरकारी शाळांवर देखरेख ठेवणारे. टिकाराम सर त्यांचं नाव. हातात कागद. हेल्पलाइनवर तक्रार लागली होती: सून नातीला शाळेत पाठवत नाही, गुरांच्या कोठ्यात डांबून ठेवते.

"कोणी केली शिकायत?" दीपिकानं विचारलं.

सरांनी कागदावरचं नाव वाचलं. पुनाराम. खाली त्याचाच मोबाइल नंबर.

पुनाराम खाटेवर बसला होता, त्यानं मान खाली घातली नाही. "हौ, मीच केली. साहेब, पोरीले वाचाले लावा. पाहा, काय शिकवते ते."

सर कोठ्यात शिरले. काच, फळा, नकाशा सगळं पाहिलं. चौथीचं हिंदीचं पुस्तक उघडून रूपालीपुढे धरलं. दारात शेजारचे चार जण जमले. रूपालीनं बोट ठेवलं. पहिली ओळ. एका शब्दावर ती इतकी थांबली की बाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

"दिसलं का, साहेब?" पुनाराम म्हणाला.

"रुकिए," सर म्हणाले.

रूपालीनं शब्द फोडला, जोडला, पुढे गेली. चार ओळींना चहा उकळून व्हावा एवढा वेळ लागला. दोन चुका झाल्या. एक तिची तिनंच दुरुस्त केली.

"कमजोर तो है," सर म्हणाले. कौतुकाचा एक शब्द नाही. "घर पे पढ़ाओ, अच्छी बात है. पर नाम स्कूल में होना चाहिए. गाँव के सरकारी स्कूल में लिखवा दो, नहीं तो ऊपर से नोटिस आएगा."

"लावते नाव. पण तिच्या गळ्यात काही बांधणार नाही, तिले उभं करणार नाही, असं लिहून द्या."

"ऐसा कोई फॉर्म नहीं होता."

"मंग कोऱ्या कागदावर द्या."

सरांना राग आला. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी दोन ओळी खरडल्या, सही ठोकली आणि कागद तिच्याकडे जवळजवळ फेकलाच. दीपिकानं तो घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

त्याच रविवारी पुनारामनं कोठ्याला कुलूप लावलं. "आता सरकारी शाळा हाये ना? मंग कोठा माहा." राजेंद्र अंगणात गाडी धूत होता. दीपिका लोखंडी सब्बल घेऊन कुलूप फोडायला निघाली तसा तो म्हणाला, "राहू दे. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

तिसऱ्या घावाला कुलूप कोयंड्यासकट निघालं. राजेंद्रनं पाण्याचा पाइप बंद केला, बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा पाइप सुरू केला.

त्याला दोन वर्षं झाली. रूपाली आता सहावीत आहे. शाळेतून दोनला येते, तीनला कोठ्यात बसते. वाचन अजून हळू आहे, पण थांबत नाही. कोपऱ्यावरच्या घरांतल्या दोन पोरी तिच्याबरोबर बसतात. त्यांच्या आया बोअरिंगवर दीपिकाशी अजून बोलत नाहीत, पोरी मात्र पाठवतात. दीपिकानं त्यांना कधी धन्यवाद म्हटलं नाही, त्यांनीही नाही.

सासरा-सून बोलत नाहीत. निरोप रूपालीमार्फत जातात. "तुह्या मायले सांग, भाजी खारट हाये." पुनारामनं कोठ्याचा उंबरा एकदाही ओलांडला नाही.

या उन्हाळ्यात त्याच्या नावानं जमिनीच्या मोजणीची नोटीस आली. चष्मा लावून तो बराच वेळ ती उलटसुलट करत होता. रूपाली जवळ गेली. "आबाजी, मी वाचून देऊ का?"

"तू तुह्यं काम कर."

त्यानं नोटीस खिशात घातली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि रणरणत्या उन्हात सायकलवर खैरलांजीला गेला, कुणाकडून तरी ती वाचून घ्यायला. परत आला तेव्हा तोंड लाल झालेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. दीपिकानं पाण्याचा गडवा आणि जेवणाचं ताट खाटेजवळ ठेवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही पाहिलं नाही. कोठ्यात तिघी पोरी धड्याच्या तिसऱ्या ओळीवर अडल्या होत्या. ती आत गेली आणि त्यांच्याजवळ बारदान्यावर बसली.