ऐकून जीप चालवणारे अप्पाजी

कलघटगीच्या एका लहानशा दवाखान्याची जीप अप्पाजी तेरा वर्षं चालवत होते. एकाहत्तर साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लांबची झाडं आधी निळी झाली, मग पांढरी, मग तिथं झाडं असावीत असं नुसतं वाटू लागलं. अप्पाजी घाबरले नाहीत. "सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसतं," ते म्हणायचे, "वाईट नाही दिसत."

डॉक्टर पद्मनाभांनी मात्र किल्ली काढून घेतली. हिवाळ्यात हुबळीला ऑपरेशन ठरलं. तोवर जीप नर्स चंद्रभागेनं चालवायची. तिच्याकडे लायसन्स होतं, पण चिखलाची सवय नव्हती. अप्पाजी तिच्या शेजारी डोळे मिटून बसत आणि शिकवत.

गिअरच्या दांडीजवळ आणखी दोन आखूड दांड्या होत्या. पहिलीनं पुढची चाकंही जोर लावत. दुसरीनं गाडी अगदी सावकाश, पण ताकदीनं चाले.

"पहिली दांडी चिखलाच्या आधी टाकायची, रुतल्यावर नाही. दुसरी टाकताना गाडी पूर्ण उभी पाहिजे. आणि अक्का, अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं."

"तुमचा मोडलाय का, अण्णा?"

अप्पाजींनी डावा हात पुढे केला. अंगठा वाकडाच होता.

भाद्रपदातल्या एका सकाळी डोंगरावरच्या वाडीतून निरोप आला. शेवंता नावाची पहिलटकरीण दोन दिवस अडली होती. दोघं वर पोचले, तिला मागं निजवलं. सासू तानूबाई उशाशी बसली. निघाले तेव्हा धुकं दाटलं होतं. उताराच्या तोंडाशी चंद्रभागेनं जीप थांबवली. खाली तांबडी, गुळगुळीत वाट दोन हातांवर विरून गेली होती.

"अण्णा, काहीच दिसत नाही हो."

"मग आज आपण दोघं सारखेच," अप्पाजी म्हणाले. "क्लच दाबा. दोन्ही दांड्या टाका. आता पहिला गिअर. क्लच सोडा, आणि खाली पोचेपर्यंत त्याला शिवू नका. ब्रेक दाबून धरू नका. इंजिनच गाडीला धरून ठेवील."

जीप धुक्यात उतरू लागली. आपण जागच्या जागीच आहोत आणि डोंगरच हळूहळू वर चाललाय, असं चंद्रभागेला वाटलं. कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू येत, ओल्या सागाचा वास येई आणि जाई. मध्येच मागची चाकं घसरली. तिचा पाय ब्रेकवर गेला.

"पाय काढा," अप्पाजी हळूच म्हणाले. "निधान, अक्का, निधान." झोपत्या मुलाला थोपटावं तसं ते कन्नडमध्ये सावकाश, सावकाश म्हणत राहिले. तिनं पाय उचलला. चाकांनी माती धरली. शेवंता कण्हायची थांबली होती. तीही बहुतेक ऐकत होती.

डांबरी सडक लागली तशी चंद्रभागेनं वेग घेतला. वळणावर स्टिअरिंग जड झालं. अप्पाजींचा डोळा लागलाय असं तिला वाटलं होतं.

"कुरकुरतेय ऐका. कोरड्या डांबरावर चारी चाकं एकमेकांशी भांडतात. अशीच दामटली तर आत काहीतरी मोडेल. थांबवा, दांड्या काढा."

एक दांडी निघेना. "थोडी मागं घ्या," ते म्हणाले. जीप हातभर मागं सरकली आणि दांडी अलगद सुटली.

दुपारी शेवंतेला मुलगी झाली.

पौषात अप्पाजींची पट्टी निघाली. त्यांना आणायला चंद्रभागाच हुबळीला गेली. जाड भिंगांचा चष्मा लावून ते शेजारी बसले. कमरीपेठेतल्या दुकानांच्या पाट्या त्यांनी एकेक करून मोठ्यानं वाचल्या, मग मैलांचे दगड वाचले. पुढे नऊ वर्षं ते पुन्हा जीप चालवणार होते. पण त्या दिवशी त्यांनी किल्ली मागितली नाही. गाव केव्हाच मागं पडलं होतं. सडकेच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती.

"अक्का, जरा थांबता का?"

तिनं जीप कडेला घेतली. अप्पाजी उतरून बांधावर गेले आणि त्या पिवळ्या रंगाकडे बघत उभे राहिले. चंद्रभागेनं इंजिन बंद केलं. घाई कसलीच नव्हती.