काळ्या गाडीची खांदशेकणी

गाडी धुणं हा छंद असू शकतो, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी ते काम पावसावर सोपवून मोकळा होत असे.

पिपरी मेघे गावात आमच्या गल्लीच्या टोकाला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक असलेल्या गृहस्थांचं घर आहे. त्यांच्या टिनाच्या शेडखाली दर रविवारी सकाळी चार-पाच पोक्त माणसं आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि त्यांना आंजारतात-गोंजारतात. सगळे त्या गृहस्थांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्यांदा गेलो तो नुसता चहा प्यायला. सरांनी सहज माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टॉर्च मारला आणि सगळे कप खाली ठेवून वाकून पाहू लागले. उजेडात बारीक ओरखड्यांचं गोल गोल जाळं दिसत होतं.

"रोज कोरड्या फडक्यानं कोन पुसते हो?" सरांनी विचारलं.

"बाबा," मी म्हणालो. म्हणजे शिकवणी सुरू व्हायच्या आत मी वडिलांची चुगली करून बसलो होतो.

मग शिकलो. बादल्या दोन हव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक कपडा खळबळायची. गाडी वरून खाली धुवायची. कपडा जमिनीवर पडला तर तो बाटला, पुन्हा रंगाला लावायचा नाही, त्याची रवानगी चाकांकडे. माझा शिकवणीच्या पहिल्याच रविवारी पडला. "अराराऽऽ" असा जो सामुदायिक हुंदका निघाला, तो ऐकून मी जागीच थिजलो. कचेरीत पंचवीस वर्षं मी फायली पाडत आलोय, तिथे कोणी हूं की चूं केलेलं नाही.

महिन्याभरात माझ्या अंगात आलं. टूथब्रश घेऊन मी एसीच्या जाळ्या घासू लागलो. बायको म्हणाली, "घरातल्या पंख्यावर बोटानं नाव लिहिता येते, आन तुम्ही टायरातले खडे काढून राह्यले." तिने हातात पंखा पुसायचं फडकं दिलं. ते मायक्रोफायबर नव्हतं, म्हणून मी परत केलं. त्या दिवशी जेवण जरा उशिरा मिळालं.

आता बाबांविषयी सांगायला हवं. ते वडनेर गावचे शेतकरी. गुडघ्यांनी दगा दिल्यावर शेत ठेक्याने देऊन आणि बैलजोडी विकून दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. पहाटे चारला उठायची सवय मात्र सोबत आली. आमच्या घरात त्या वेळेला करण्यासारखं काही नव्हतं. जुन्या धोतराचं फडकं घेऊन गाडी पुसायची, हे एवढं एक काम त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

नुसत्या चहाच्या त्या पहिल्या रविवारी घरी येऊन मी त्यांनाही टॉर्च मारून ओरखडे दाखवले. ते कमरेत वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"हे मी केलं?"

"हो. आता गाडीला हात लावू नका." वेळ संपल्यावर कचेरीत येणाऱ्यांशी मी ज्या आवाजात बोलतो, तोच आवाज निघाला.

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे पाहत बसू लागले. एकदा चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मंग सकायी मी काय करू?"

"आराम करा," मी म्हणालो. आराम करणं मला अतिशय सोपं वाटत असे, कारण मी ते रोज पगारी करत होतो.

पुढे सरांच्या देखरेखीखाली दोन रविवार घालून मी पॉलिशच्या मशीनने ते जाळं घालवलं आणि वर कोटिंग चढवलं. सात दिवस पाणी नाही, स्पर्श नाही, असा सरांचा दंडक. मी पोर्चला दोरी बांधली. गल्लीतल्या एका निरुपद्रवी मांजराशी वैर धरलं. हे सगळं पोळ्याच्या आठवड्यात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर पुढच्या दोन्ही चाकांच्या वर गाडी पिवळी. हळद आणि तूप. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी ओरडलो. बाबा बाहेर आले. हातात वाटी होती आणि पळसाचं पान.

"हात नाई लावला म्या," ते घाईने म्हणाले. "पानानं लावलं."

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "बाबा, ही गाडी आहे, बैल नाही!"

"हाव. बैल तं मी इकले," ते म्हणाले आणि आत गेले.

रविवारी शेडमध्ये हा किस्सा मी रंगवून सांगितला. हशा होईल असं वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही. सर डागावर बोट फिरवत म्हणाले, "तूप निघते हो. पुढच्या रविवारी वडिलांले घेऊन येजा."

बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. सरांनी त्यांना आपल्या गाडीजवळ नेलं. "बाबाजी, हात फिरवून पाहा बरं." बैलबाजारात पाठीवरून फिरवावा तसा बाबांनी बॉनेटवरून तळवा फिरवला आणि एका जागी थांबले. "इथं खरखर हाय अजून." सरांनी टॉर्च मारला. खरंच होती. मग काय, जो तो त्यांना आपल्या गाडीकडे ओढू लागला. बाबा प्रत्येक गाडीवर हात फिरवत होते, चुका काढत होते, कितीतरी महिन्यांनी मोठ्याने बोलत होते. हे माझे वडील, असं मी दोनदा उगाचच सांगितलं.

शेवटी ते माझ्या गाडीपाशी आले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले आणि नुसतेच पाहत उभे राहिले.

"बाबा, लावा ना हात," मी म्हणालो. मला फार लाज वाटत होती. "मी चुकलो. लावा."

"नाई, राहू दे," ते समजुतीने म्हणाले. "खराब होईन."

आणि ते परत सरांच्या गाडीकडे गेले.