बिनबियांची द्राक्षं आणि एक तक्रार

नोकरीतल्या पुष्कळ तक्रारी मी विसरले, ही मात्र अजून जशीच्या तशी आठवते. दोन हजार सालाच्या आसपास मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी संपली आणि पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार समोर येऊन बसले.

"मॅडम, धाकटा भाऊ गंगापूर रोडला राहतो, शाळेत मास्तर हाय. खोलीत एक कारकून ठेवलाय. दोघं नवरा-बायकोसारखे राहतात. लग्नाचं नाव काढलं का भाऊ नाय म्हणतो. त्या कारकुनाला आत टाका."

तेव्हा पुरुषा-पुरुषांतला शरीरसंबंध कलम ३७७ खाली गुन्हा होता. जबाब घ्यायचा म्हणून मी शिपाई पाठवून मास्तरांना शाळेतून बोलावलं.

"जबरदस्ती झाली? धमकी?" मी विचारलं.

"नाही. आम्ही आमच्या मर्जीने राहतो."

एकत्र राहणं हा गुन्हा नव्हता. "त्यापुढचं काही कोणी पाहिलंय का?" मी विचारलं.

"बघायला कशाला पायजे?" बागायतदार म्हणाले.

हवालदार मध्येच बोलले, "मॅडम, हे निसर्गाविरुद्धच आहे. यातून लेकरू होत नाही."

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. मास्तर भावाकडे वळले.

"अण्णा, आपल्या द्राक्षात बी असतं?"

"नाय."

"खाली जंगली खुंट, वर आपलं कलम. घड औषधात बुडवून फुगवतोस. हे निसर्ग करतो? मग बाग पाप का नाही?"

"बाग येगळी, माणूस येगळा!"

"मग माणसाचं बोल. माझ्यामुळे कोणाला काय इजा झाली?"

"लोकं काय म्हणतील?"

"मास्तर, वकील व्हायचं होतंत," हवालदार पुटपुटले.

मी पेन उचललं होतं. फिर्यादीत इजा कोणाला झाली ते लिहायचं, तर नाव सापडेना. 'लोक' हा काही साक्षीदार नव्हे. गुन्हा दिसून येत नाही, अशी स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोघा भावांना घरी पाठवलं. काम चोख झालं, असं मला वाटलं.

पंधरवड्याने मास्तर पुन्हा आले. गुन्हा नसल्याचा दाखला त्यांना शाळेत दाखवायला हवा होता. मी सही-शिक्क्यानिशी दिला. तरी नोकरी गेलीच. संस्थाचालक म्हणाले होते, "गुन्हा नसेल हो, पण भरल्या वर्गातून पोलीस घेऊन गेला ना?"

तो गणवेशातला शिपाई मी पाठवला होता. ठाण्यात मास्तर भावाला निरुत्तर करत होते, तोवर शाळेत निकाल लागलेला होता.

पुढे कायदा बदलला. मी त्याआधीच बदलले होते. इजा कोणाला झाली ते कागदावर आल्याशिवाय मी कोणाच्याही दारात गणवेश पाठवला नाही.