पान बासष्ट, उदाहरण चौदा

छापलेल्या कागदातली चूक सापडल्याशिवाय आमच्या गणिताच्या मास्तरांना घास उतरत नसे. असा माणूस जगात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्यालाही कुणी नोकरीत कायम केलं नसेल. लग्नपत्रिका आली की ते आधी तारीख आणि वार जुळतात का ते पाहत. एकदा जुळले नाहीत, तर बरोबर वाराची कागदी पट्टी खळीने चिकटवून त्यांनी पत्रिका परत पाठवली. मुलीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "मास्तर, लग्नाले या, तपासाले नोका येऊ!" मास्तर गेले, आणि पंगतीत पहिला प्रश्न केला, "बाकीच्या पत्रिका सुधारल्या नं?"

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अमडापूरच्या शाळेत मी मॅट्रिकला होतो. आमचं घर माळव्यावर, भाजीपाला विकून जगणारं. छापलेलं म्हणजे खरं, अशी आमची समजूत. अंकगणिताच्या पुस्तकात होतं : बारा माणसं दहा दिवसांत विहीर खणतात, तर पंधरा माणसं किती दिवसांत? उत्तर छापलेलं, साडेबारा. मी तेच घोकलं. मास्तर भडकले. "माणसं वाढली तं दिवस वाढतीन काऊन बे? हे विहीर खणून राह्यले का पाहुणचार खाऊन राह्यले?" त्या पुस्तकात अशा एकोणचाळीस चुका निघाल्या. मास्तरांनी चुकलेली उदाहरणं दुरुस्त करून सायक्लोस्टाइल केली आणि आम्हाला पट्ट्या कापून आपापल्या पुस्तकात चिकटवायला लावल्या. प्रकाशकालाही एक प्रत विनयाने पाठवली.

उत्तर आलं ते नोटिशीचं! प्रकाशक म्हणतो, पट्ट्या आमच्याच पुस्तकातून निघालेल्या आहेत, त्यांच्यावर हक्क आमचा, वाटप थांबवा आणि नक्कल केल्याची लेखी माफी द्या. चूक त्यांची, परीक्षा आमची, आणि माफी मास्तरांची! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

मुख्याध्यापक हवालदिल झाले. "मास्तर, सही करून टाका नं. तुमचं कायम व्हायचं हाये अजून."

"सर, शिंप्यानं तुमच्या पॅन्टीले ठिगळ लावलं, तं तो पॅन्टचोर होते काय?"

"ठिगळ त्याच पॅन्टीच्या कापडाचं असलं, तं?"

मास्तरांनी खिशातली एक पट्टी काढून पुन्हा वाचली. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची चूक काढली होती. पट्ट्यांवर त्यांनी अख्खी उदाहरणं उतरवली होती, हे खरंच होतं. रविवारी बसून त्यांनी सगळ्या पट्ट्या नव्याने लिहिल्या : फक्त पान, उदाहरणाचा आकडा आणि बरोबर उत्तर. पुस्तकातला एक शब्द नाही. त्या घाईत विहिरीचं उत्तर आठऐवजी नऊ पडलं. वर्गात त्यांनी ते तोंडी सुधारलं. पण प्रकाशकाला पाठवलेल्या नव्या पट्टीवर नऊच राहिलं. नोटिशीसोबत आलेल्या माफीनाम्यावर त्यांनी सही केली नाही. त्यावरही एक पट्टी लावली : 'ओळ तिसरी. नक्कल ऐवजी दुरुस्ती वाचावे.'

त्या उन्हाळ्यात त्यांना नोकरीवरून कमी केलं. ते वरवट बकाल या गावी गेले.

पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. पेढे घेऊन त्यांच्याकडे निघालो, तेव्हा त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती दुकानात दिसली, तीही घेतली. एकोणचाळीसही जागा सुधारलेल्या. मास्तरांचं नाव कुठेच नाही. मास्तर पानं उलटत गेले आणि बासष्टाव्या पानावर थांबले. उत्तर, नऊ.

"अबे, हे तं माही चूक हाये!"

मी उसळलो. "सर, हाच पुरावा! आता आपण नोटीस देऊ. तुमच्या पट्टीले चोरी म्हणे, अन् पट्टीच गिळली का नाही?"

"नोटीस मंग देशीन," मास्तर म्हणाले. "तिकडे पोट्टे नऊ लिहून राह्यले असतीन. कैची आन."

नोटीस कधीच गेली नाही. मास्तर गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ते पुस्तक माझ्याजवळ आहे. खळ सुकून पट्टी एका कोपऱ्यातून सुटली आहे. मी ती बोटाने दाबतो, ती पुन्हा उचलते. तिच्यावर त्यांचं अक्षर आहे : 'पान ६२, उदाहरण १४. नऊ ऐवजी आठ. चूक माझी.' आणि खाली पूर्ण सही. त्या अख्ख्या पुस्तकात त्यांचं नाव आहे ते तेवढ्याच ठिकाणी.